वाचवलेला हंस पाळायचाय? अर्ज कुठे, कागद कोणते

आधी पक्षी कोणता ते ठरवा, कारण त्यावरच कायदा बदलतो. जंगली हंस खानदेशात येत नाहीत. हिवाळ्यात भुसावळजवळच्या हतनूर जलाशयावर चक्रवाक आणि इतर स्थलांतरित पाणपक्षी उतरतात. त्यातला एखादा मांज्यात अडकून किंवा विजेच्या तारेला धडकून मळ्यात पडला, तर तो घरी ठेवण्यासाठी कुठलाही अर्ज नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे असा पक्षी ताब्यात आल्यावर ४८ तासांत जवळचं पोलीस ठाणं किंवा वन विभाग यांना कळवावंच लागतं. वन विभागाची मदतवाहिनी १९२६. "बरा झाला की सोडू" हा हेतू चांगला असला तरी परवानगी ठरत नाही.

बाजारात राजहंस म्हणून मिळतो तो बहुतेक वेळा पाळीव कलहंस, म्हणजे इंग्रजीतला गूज असतो. त्याला वन खात्याचा परवाना लागत नाही. वाचवणारी संस्था मात्र सहसा आधार, पत्त्याचा पुरावा, जागेचे फोटो आणि हमीपत्र मागते. जागा भाड्याची असेल तर घरमालकाचं लेखी संमतीपत्र आधीच घेऊन ठेवा. पक्षी नेताना डॉक्टरांचा तपासणी अहवाल मागायला संकोचू नका.

परदेशी हंसांचं प्रकरण वेगळं. काळ्या मानेचा हंस आणि कोस्कोरोबा हंस वन्यजीव कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत, म्हणजे ज्यांच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय बंधनं आहेत त्या प्रजातींच्या यादीत येतात. २०२४ च्या नियमांनुसार असा पक्षी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर मुख्य वन्यजीव रक्षकांकडे नोंदणीसाठी अर्ज करायचा असतो. आधीच्या मालकाची नोंदणी आणि हस्तांतराचे कागद नसतील तर पक्षी घेऊच नका. पूर्ण काळा हंस या यादीत नाही, तरीही तो आला कुठून याचा कागद मागा.

आता खरी पात्रता, जी कोणत्याच फॉर्मवर छापलेली नसते. जळगावचा मे महिना पंचेचाळीसच्या घरात जातो. सावली हवी आणि खोल पाणी हवं, तेही रोज बदलता येईल असं. प्लास्टिकच्या टपात हंस ठेवणं म्हणजे नुसता छळ. हे पक्षी वीसेक वर्षं जगू शकतात आणि एकटे राहत नाहीत, म्हणजे जोडी घ्यावी लागते. विणीच्या दिवसांत नर अंगावर धावून येतो, त्यामुळे घरात लहान पोरं असतील तर कुंपण आधी घाला. रात्री कुत्र्या-मुंगसांपासून बंद खुराडं लागतं. पाव, पोळी खायला घालू नका. धान्य बेताचं, हिरवा पाला भरपूर.

शेजारी कोंबड्या असतील तर आणखी जपून. देशातला पहिला बर्ड फ्लू २००६ मध्ये आपल्याच खानदेशातल्या नवापूरला निघाला, २०२१ ला तिथे पुन्हा. पाणपक्षी आजारी न दिसताही हा विषाणू वाहू शकतात, त्यामुळे नवा पक्षी सुरुवातीला वेगळा ठेवा. साथ आली तर बाधित क्षेत्रातले पाळलेले पक्षी मारले जातात, त्यात तुमचा हंसही सुटत नाही. आणि जमलं नाही म्हणून तापीत किंवा मेहरूण तलावात सोडून दिला तर प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा होतो. ज्या संस्थेने दिला तिच्याकडेच परत न्या, आणि ही अट हमीपत्रात आहे का ते सही करण्यापूर्वी वाचा.