गर्दी दुप्पट, क्षय चौपट

तुरुंगातल्या एखाद्या बंद्याला क्षय निघाला की आधी त्याचं ताट आणि पाण्याचा ग्लास वेगळा होतो. घरोघरीही हेच चालतं आणि दोन्हीकडे त्याचा उपयोग शून्य. फुप्फुसाचा क्षय भांड्यांतून किंवा कपड्यांतून पसरत नाही. रुग्ण खोकतो, बोलतो तेव्हा उडालेले बारीक थेंब क्षणात वाळतात आणि १ ते ५ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण उरतात. उदबत्तीच्या धुरासारखे ते तासन्‌तास तरंगत राहतात आणि आकाराने इतके लहान असतात की थेट फुप्फुसातल्या वायुकोशांपर्यंत पोचतात. म्हणजे ताट वेगळं केलं आणि हवा तीच ठेवली, तर काहीच वेगळं केलेलं नाही.

सांगलीत तुरुंगाचा विषय निघाला की २४ जुलै १९४३ निघतोच. त्या दिवशी वसंतदादा पाटील आणि त्यांचे सहकारी इथला तुरुंग फोडून बाहेर पडले. तट, खंदक, पहारे यांची वर्णनं अजून ऐकायला मिळतात. पण तुरुंगात माणशी किती घनमीटर हवा असते, हे कुणी विचारत नाही. वास्तविक तो आकडा नियमपुस्तकात आहे. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श कारागृह नियमावलीनुसार बराकीत दर बंद्याला ३.७१ चौरस मीटर जमीन, १५.८३ घनमीटर हवा आणि १.१२ चौरस मीटर खिडकी हवी. एका बराकीत २० माणसं.

हे आकडे कुणा कारकुनाने हौसेने लिहिलेले नाहीत. त्यांचं महत्त्व जंतुशास्त्रातून कळतं, आणि ते मांडायला एक बराक पुरते. बराक कल्पनेतली, पण मापं नियमाची: २० जणांसाठी बांधलेली, घनफळ साधारण ३१७ घनमीटर. आत आहेत ४० जण. संध्याकाळी कुलूप लागल्यापासून सकाळी कुलूप उघडेपर्यंत बारा तास धरू. त्यांच्यातल्या एकाला न ओळखलेला क्षय आहे.

१९५०च्या दशकात अमेरिकेत बाल्टिमोरला रिचर्ड रायली यांनी क्षयाच्या वॉर्डातली हवा नळांतून वरच्या मजल्यावरच्या गिनीपिगांच्या पिंजऱ्यांत सोडली. प्राण्यांचा रुग्णांशी दुसरा कसलाही संबंध नव्हता, तरी त्यांना क्षय झाला. किती हवेमागे किती प्राणी आजारी पडले यावरून रुग्ण तासाला सरासरी १.२५ ‘क्वांटम’ हवेत सोडतात असं निघालं. (हा भौतिकशास्त्रातला क्वांटम नव्हे. संसर्गाला पुरेशा मात्रेचं हे नाव.) यावरून बसवलेलं वेल्स-रायली समीकरण असं: रुग्णांची संख्या, ताशी क्वांटम, ताशी श्वासात घेतलेली हवा आणि तास यांचा गुणाकार करा, त्याला ताशी आत येणाऱ्या ताज्या हवेने भागा. येणारा आकडा ‘क’ मानला, तर संसर्गाची शक्यता १ वजा ई (२.७१८ हा गणितातला स्थिरांक) चा ऋण ‘क’ घात.

आता आकडे घालू. खिडक्या बंद असताना फटींतून वगैरे तासाला दीड वेळा हवा बदलते असं धरलं, तर ताजी हवा ताशी ४७५ घनमीटर. आडवा पडलेला माणूस तासाला साधारण ०.४ घनमीटर हवा श्वासात घेतो. एका रात्रीचा ‘क’ येतो ०.०१२६, म्हणजे सव्वा टक्का धोका. किरकोळ वाटतो. तीस रात्रींत तो ३१ टक्क्यांवर जातो आणि ३९ सोबत्यांपैकी सुमारे १२ जणांना संसर्ग होतो. हवा तासाला बारा वेळा बदलली, तर त्याच महिन्यात दोघांनाच. संसर्ग झालेल्यांपैकी आयुष्यभरात ५ ते १० टक्के लोक प्रत्यक्ष आजारी पडतात. कुपोषण, मधुमेह किंवा एचआयव्ही असेल तर त्याहून जास्त.

गर्दीचा हिशेब मात्र मनासारखा सरळ नाही. वीसऐवजी चाळीस माणसं कोंबली की बाधित होऊ शकणारे दुप्पट झाले, हे कुणालाही दिसतं. पण त्या चाळिसांत एखादा रुग्ण असण्याची शक्यताही दुप्पटच झाली. दोन्हींचा गुणाकार करायचा. २० × १९ म्हणजे ३८०, ४० × ३९ म्हणजे १५६०. खिडक्या तितक्याच, घनफळ तितकंच, पण नवे संसर्ग चौपट. २०२२ अखेर देशातल्या तुरुंगांत क्षमतेच्या १३१.४ टक्के बंदी होते. वर्ग केला की हा आकडा पावणेदोन पटीजवळ जातो, आणि हे सरासरीचं झालं. गच्च भरलेल्या तुरुंगांची गोष्ट वेगळी. या बंद्यांपैकी तीन चतुर्थांश कच्चे कैदी, ज्यांचा गुन्हा अजून सिद्धच व्हायचा आहे.

जंतू मोजणं अवघड असलं तरी इतरांनी सोडलेली हवा मोजणं सोपं आहे. उच्छ्वासात साधारण ३८,००० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) कार्बन डायऑक्साइड असतो, बाहेरच्या हवेत ४२० च्या आसपास. आपल्या बंद बराकीत चाळीस झोपलेल्या माणसांमुळे मीटर १,७०० च्या जवळ स्थिरावेल. बाहेरच्या हवेपेक्षा जास्त असलेले साधारण १,२७० पीपीएम भागिले ३८,००० म्हणजे ३.३ टक्के. दर तिसावा श्वास दुसऱ्या कुणाच्या तरी फुप्फुसातून आलेला! इतक्या प्रमाणात हा वायू स्वतः विषारी नाही, तो फक्त साक्षीदार. मीटर इन्फ्रारेड सेन्सरचा घ्यावा, झोपलेल्यांच्या नाकाच्या उंचीवर पण कुणाच्याही तोंडापासून मीटरभर दूर ठेवावा, खिडकीत ठेवू नये. सकाळी बराक रिकामी झाल्यावर खिडक्या-दारं रात्रीसारखीच ठेवून अर्ध्या तासात आकडा किती उतरतो ते पाहावं. बाहेरचे ४२० वजा करून सुरुवातीचा आकडा शेवटच्याने भागायचा, नैसर्गिक लॉगरिदम घ्यायचा, तासांनी भागायचं. १,६९० चे १,०२० झाले, तर उत्तर दीड.

हवा वाढवायला यंत्रं लागतातच असं नाही. पेरूतल्या लिमा शहरातल्या रुग्णालयांत मोजमाप झालं (२००७), तेव्हा खिडक्या-दारं उघडल्यावर हवा तासाला २८ वेळा बदलत होती, यांत्रिक वायुवीजनाच्या खोल्यांत १२ वेळा. उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या जुन्या इमारती नव्यांपेक्षा सरस ठरल्या. मिरजेजवळच्या वानलेसवाडीतल्या क्षय आरोग्यधामासारख्या संस्थांनी मोकळ्या हवेला महत्त्व दिलं, ते उगाच नव्हे. समोरासमोर उघडी तोंडं (खिडक्या किंवा दारं) असतील तर हिशेब असा: ०.६५ × वाऱ्याचा वेग × लहान तोंडाचं क्षेत्रफळ × ३,६०० ÷ घनफळ. सेकंदाला एक मीटर वारा आणि दोन चौरस मीटर तोंड असेल, तर आपल्या बराकीत तासाला जवळपास १५.

बिघडतं ते साध्या गोष्टींनी. गजांवर वाळत घातलेल्या चादरी. धुळीने बुजलेली मच्छरजाळी. खिडकीसमोर दोन हातांवर उभी केलेली नवी भिंत. साताऱ्याच्या पावसात आणि डिसेंबरच्या थंडीत गजांना बांधलेली ताडपत्री किंवा फ्लेक्स. इथे ‘खिडक्या उघड्या ठेवा’ असा फतवा चालत नाही, माणसं कुडकुडतात आणि रात्री त्या बंद करतातच. पावसासाठी छज्जा, थंडीसाठी जादा कांबळं, खालची दारं बंद ठेवून छताजवळचे झरोके कायम उघडे, असं करावं लागतं. छताचा पंखा तीच हवा ढवळतो. कापूर, कडुनिंबाची धुरी यांनी क्षयाचे जंतू मरत नाहीत, आधीच बिघडलेल्या फुप्फुसांत धूर तेवढा जातो. आयन सोडणाऱ्या चकचकीत डब्यांवरही पैसे घालवू नयेत. छताजवळच्या हवेवर सोडलेले २५४ नॅनोमीटरचे अतिनील दिवे खरोखर काम करतात, पण छत उंच हवं आणि प्रकाश डोळ्यांवर येता कामा नये.

संयुक्त राष्ट्रांच्या नेल्सन मंडेला नियमांत (२०१५) झोपण्याच्या जागेसाठी हवेचं घनफळ आणि वायुवीजन यांचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि तुरुंगातला वैद्यकीय दर्जा बाहेरच्या समाजाइतकाच हवा असंही आहे. दक्षिण आफ्रिकेत पोल्समूर तुरुंगात कच्चा कैदी म्हणून वर्षानुवर्षं काढलेल्या डडली ली यांना तिथे क्षय झाला, खटल्यातून ते सुटले. नेमका कोणत्या सोबत्याकडून जंतू आला हे सिद्ध करणं त्यांना शक्यच नव्हतं. २०१२ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने तसा आग्रह न धरता सरकारला जबाबदार ठरवलं. हवेतून पसरणाऱ्या आजाराच्या बाबतीत यापेक्षा शास्त्रशुद्ध निकाल शोधून सापडणार नाही.

खिडक्यांबरोबर तपासणीही हवी, कारण औषध सुरू झालं की रुग्णाची संसर्ग पसरवण्याची क्षमता झपाट्याने घटते. दाखल होतानाच चार प्रश्न विचारायचे: खोकला, ताप, वजन घटणं, रात्रीचा घाम. एकालाही ‘हो’ असेल तर थुंकीची ट्रूनॅट किंवा सीबीनॅट (जंतूचा डीएनए शोधणारी) चाचणी. काही तासांत निकाल मिळतो, रिफाम्पिसिन हे क्षयावरचं मुख्य औषध लागू पडेल का तेही कळतं. घोळ होतो तो पुढच्या सहा महिन्यांत. तारखेला पहाटे कोर्टात नेलं की त्या दिवसाची गोळी राहते. दुसऱ्या तुरुंगात हलवलं तर कागद मागे राहतो. आणि जामीन मिळाला की संध्याकाळी सुटलेला माणूस रिकाम्या हाताने एसटी पकडतो. म्हणून गोळ्यांचं पाकीट न्यायालयात नेणाऱ्या पथकाकडे द्यावं, निक्षय क्रमांक (क्षयरुग्णांच्या सरकारी नोंदणीतला) बंद्याच्या नोंदीवर आणि त्याच्या नातेवाइकाकडेही असावा, आणि सुटकेच्या कागदांसोबत निदान महिनाभराची औषधं नि गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचं नाव हातात पडावं. नातेवाइकांना हे कारागृह अधीक्षकांकडे लेखी मागता येतं, दाद लागली नाही तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो.