सामाईक विहीर फाइलमध्ये उतरवताना

वरुड तालुक्यातल्या आमच्या वावरात विहीर एक आणि हिस्सेदार तीन: बाबा आणि दोघे काका. वाटणीत विहीर मधल्या काकांच्या वावरात गेली, पण पाण्यावर हक्क तिघांचा. संत्र्याला पाणी द्यायच्या पाळ्या ठरलेल्या, लाइन मात्र कधी दिवसाची तर कधी रात्रीची. त्यामुळे पाळीवरून कुरबूरही ठरलेलीच. गेल्या उन्हाळ्यात मी त्यासाठी रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत एक छोटा प्रोग्राम लिहिला. प्रत्येक हिस्सेदाराची एक नोंद, आणि प्रत्येक नोंदीतून त्या एकाच विहिरीकडे जाणारा एक आरसी पॉइंटर. पॉइंटर म्हणजे मेमरीतल्या वस्तूकडे दाखवलेलं बोट, आणि आरसी अशी किती बोटं आहेत ते मोजत राहतो. विहिरीच्या नोंदीत पाण्याची पातळी आणि मोटर चालू की बंद. रात्री सगळं जेसन या साध्या मजकुराच्या साच्यातल्या फाइलमध्ये लिहायचं, सकाळी परत वाचून घ्यायचं.

चौथ्या दिवशी मोटर जळाली. बाबांच्या नोंदीतून विहीर उघडून मी मोटर 'बंद' केली. दोघा काकांच्या नोंदीत ती चालूच राहिली. धाकट्या काकांनी स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाले, "अबे, इहीर त एकच हाये ना बापा, तीन कुटून आणल्या तुनं?"

फाइल उघडून पाहिली, तर विहीर खरोखरच तीनदा लिहिलेली. पातळी तीच, मोटर तीच, आणि एकीचा दुसरीशी काही संबंध नाही. कोड तपासून यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या कंपायलरने चकार शब्द काढला नव्हता. पहिल्या रात्री फाइल लिहिली गेली तेव्हाच एका विहिरीच्या तीन झाल्या होत्या, मोटर जळेपर्यंत कुणाला कळलं नाही इतकंच.

अडचण रस्टची म्हणावी, तर ती रस्टच्या किती तरी आधीची आहे.

एप्रिल १९६० मध्ये जॉन मॅकार्थी यांचा लिस्प भाषेवरचा लेख आला. वापरात नसलेली मेमरी परत मिळवायची त्यांची रीत अशी: जागा संपत आली की सगळीकडे फिरायचं, जिथवर पोचता येतं त्याला खूण करायची, उरलेलं मोकळं करायचं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आयबीएममधल्या जॉर्ज कॉलिन्स यांनी दुसरी वाट सांगितली. मेमरी भरत आली की सगळीकडे फिरण्याचा खर्च वाढत जातो आणि हाती येणारी जागा कमी होत जाते, हा त्यांचा आक्षेप. त्याऐवजी प्रत्येक वस्तूजवळ एक आकडा ठेवा: आपल्याकडे किती जण बोट दाखवून आहेत. नवं बोट आलं की एक वाढवा, गेलं की एक कमी करा, शून्य झालं की जागा मोकळी. कॉलिन्स यांच्या लेखाच्या शीर्षकातच 'एकमेकांवर येणाऱ्या याद्या' आहेत, म्हणजे दोन याद्यांचा काही भाग सामाईक असणं. सामाईक मालकीसाठीच ही मोजणी जन्माला आली.

१९६३ मध्ये हॅरॉल्ड मॅकबेथ यांनी एका छोट्या पत्रात तिची उणीव दाखवली. दोन बैल एकमेकांच्या गळ्यात दावं अडकवून उभे असतील, तर खुंटा उपटला तरी दोघंही बांधलेलेच. दोन वस्तू एकमेकींकडे बोट दाखवत असतील, तर बाहेरचं कुणी उरलं नाही तरी आकडा शून्यावर येत नाही. आज सी प्लस प्लसमध्ये आणि रस्टमध्ये जो 'वीक' पॉइंटर असतो, तो या तक्रारीवरचा उतारा. तो बोट दाखवतो, पण मोजणीत धरला जात नाही.

आता ही रचना डिस्कवर उतरवायची. पॉइंटरमध्ये असतो पत्ता, आणि तो या क्षणाच्या मेमरीतला. उद्या प्रोग्राम पुन्हा सुरू झाला की तो पत्ता बिनकामाचा. आकडाही लिहून उपयोग नाही, कारण किती बोटं आहेत हे बोटांवरूनच ठरतं. फाइलमध्ये तीन लिहिलं आणि वाचताना दोनच पॉइंटर उभे केले, तर ती विहीर कधीच मोकळी होणार नाही. म्हणजे पॉइंटरच्या पोटातलं काहीच जसंच्या तसं लिहिता येत नाही. लिहायच्या गोष्टी दोन उरतात: विहिरीतला मजकूर, आणि 'ही तीच विहीर' ही ओळख. मजकूर कोणतीही लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, लिहील. पुढच्या साठ वर्षांचा घोळ ओळखीचा आहे.

तलाठ्याच्या दप्तरात या ओळखीची सोय फार आधीपासून आहे. सातबाऱ्यावर खातेदाराच्या नावाजवळ फेरफाराचा फक्त क्रमांक असतो. वाटणी कशी झाली, कुणाचं नाव कशामुळे चढलं, हा मजकूर गाव नमुना ६ मध्ये एकदाच लिहिलेला. एका फेरफाराने पाच सातबारे बदलले, तर पाचही उताऱ्यांवर तोच क्रमांक येतो. कुणी मजकूर पाचदा उतरवत बसत नाही.

संगणकाच्या जगात हा प्रश्न नीट मांडला गेला १९८२ मध्ये. एमआयटीतले मॉरिस हर्लिही आणि बार्बरा लिस्कोव्ह यांनी सीएलयू भाषेच्या संदर्भात लिहिलं, की एका यंत्रावरची रचना दुसऱ्या यंत्रावर पाठवताना आतलं सामाईकपण टिकलं पाहिजे, त्या दोन बैलांसारखी चक्रं असली तर तीही टिकली पाहिजेत. पुढे डीसीई या, दुसऱ्या यंत्रावरचं काम आपल्या यंत्रावरून करवून घ्यायच्या व्यवस्थेत तर प्रोग्रामरला आधीच सांगावं लागे, की पॉइंटर कोणत्या जातीचा. 'रेफ' कधीच रिकामा नसतो, 'युनिक' रिकामा असू शकतो पण सामाईक नसतो, आणि 'फुल' पॉइंटरच तेवढा सामाईक असू शकतो. तिसऱ्याला हिशेब जास्त ठेवावा लागतो, म्हणून तो मागितला तरच मिळे. मला ही रीत आवडते. निर्णय कुणाचा, हे कागदावर दिसतं.

१९९७ च्या जावा १.१ ने उलट टोक गाठलं. तिथे मोजणी नाही, कचरा गोळा करणारा गडी आहे, पण फाइल लिहिताना प्रत्येक ऑब्जेक्टला क्रमांक मिळतो आणि तोच पुन्हा आला की फक्त क्रमांक लिहिला जातो. सामाईकपण आपोआप टिकतं. मात्र एकदा पाठवलेलं ऑब्जेक्ट बदलून त्याच प्रवाहात पुन्हा पाठवलं, तर पलीकडे जुनंच राहतं, कारण नव्याने लिहिला जातो तो फक्त क्रमांक. यात हात न पोळलेला जावावाला विरळाच.

खरी कसरत झाली सी प्लस प्लसमध्ये. भाषेच्या १९९८ च्या मानकात ऑटो पॉइंटर होता, पण तो एकाच मालकाचा, आणि त्याची नक्कल केली की मूळ रिकामा होई. सामाईक मालकीचा शेअर्ड पॉइंटर १९९९ मध्ये बूस्ट लायब्ररीत आला आणि २०११ मध्ये मानकात शिरला. मधल्या काळात, नोव्हेंबर २००४ च्या बूस्ट १.३२ मध्ये, रॉबर्ट रेमी यांची सिरियलायझेशनची, म्हणजे मेमरीतली रचना फाइलमध्ये उतरवायची, लायब्ररी दाखल झाली. साधा पॉइंटर तिला जमत होता: पत्ता पाहायचा, आधी दिसला असेल तर क्रमांक, नसेल तर मजकूर. शेअर्ड पॉइंटर आला की पंचाईत, कारण मोजणीचा आकडा वस्तूपासून वेगळ्या एका ठोकळ्यात असतो आणि तो ठोकळा खाजगी. पहिल्या आवृत्तीने त्या ठोकळ्यातच हात घातला. पुढच्या आवृत्तीत शेअर्ड पॉइंटरचं आतलं काम बदललं आणि जुन्या फाइली अडकल्या. त्या वाचता याव्यात म्हणून शेअर्ड पॉइंटरची जुनी प्रत, नावात १३२ हा आकडा लावून, लायब्ररीत जपून ठेवावी लागली. दुसऱ्याच्या खाजगी रचनेवर फाइल बांधली की ती रचना किती वर्षं सांभाळावी लागते, याचं याहून बोलकं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

नंतरची रीत सरळ आहे. वाचताना एक तक्ता ठेवायचा: या वस्तूसाठी हा शेअर्ड पॉइंटर आधीच बनवला आहे. पुन्हा तीच वस्तू आली की त्याचीच नक्कल द्यायची. आकडा आपोआप बरोबर येतो. फक्त तक्ता स्वतःही एक बोट धरून असतो, म्हणून फाइल बंद होईपर्यंत मोजणी एकाने जास्त दिसते. लिहिताना आणखी एक खड्डा असतो. ओळख पत्त्यावरून पटवायची, पण वस्तू मधेच नाहीशी होऊन त्याच पत्त्यावर दुसरी उभी राहिली तर? बुजवलेल्या विहिरीच्या जागी नवी खणावी आणि दप्तरात जुनीच नोंद चालू राहावी, तसं होतं. नवी वस्तू फाइलमध्ये जातच नाही. बूस्टचं दस्तऐवज याबद्दल बजावतं.

दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतून आलेल्या सीरियल या लायब्ररीने साध्या पॉइंटरला दारच बंद केलं आणि फक्त स्मार्ट पॉइंटर, म्हणजे मालकीचा हिशेब स्वतः ठेवणारे, घेतले. तिची युक्ती सुटसुटीत आहे. प्रत्येक शेअर्ड पॉइंटरला ३२ बिटांचा क्रमांक, आणि पहिल्यांदा लिहिताना त्यातला सगळ्यात वरचा बिट चढवलेला. वाचणाऱ्याला तो दिसला की पुढे मजकूर आहे, नाही दिसला की आधीचाच घ्यायचा.

रस्ट १.० आलं १५ मे २०१५ ला. तिथे सगळ्यांच्या हातात फाइलमध्ये लिहिण्या-वाचण्यासाठी सर्डी ही लायब्ररी असते, १.० आवृत्ती एप्रिल २०१७ ची. तिने आरसी आणि त्याचा अनेक थ्रेडमध्ये चालणारा भाऊ एआरसी फाइलमध्ये लिहिण्याची सोय 'आरसी' नावाच्या वेगळ्या फीचरमागे, म्हणजे मागितली तरच चालू होणाऱ्या सोयीमागे, ठेवली. ते चालू केलं तरी ओळख टिकत नाही, हे दस्तऐवजात स्पष्ट लिहिलेलं आहे: जितक्यांदा पॉइंटर येईल तितक्यांदा आतला मजकूर लिहिला जाईल, आणि वाचल्यावर प्रत्येकाची मोजणी १ असेल. वीक पॉइंटरची गत आणखी वाईट. लिहिताना त्याचा मजकूर जातो, पण वाचून येतो तो कायमचा रिकामा. आणि चक्र असेल, मग त्यातला एखादा पॉइंटर वीक असला तरी, लिहिणं संपतच नाही, स्टॅक (चालू कामांसाठीची मेमरी) फुटेपर्यंत.

यावर लोक चिडतात, मी पण चिडलो होतो. पण सर्डीची बाजू मला पटते. ती जेसनसाठीही काम करते, टॉमलसाठीही, कित्येक बायनरी साच्यांसाठीही, आणि जेसनमध्ये 'वर लिहिलेलं तेच' असं म्हणायची सोय मुळात नाही. यॅमलमध्ये ती आहे, पण एका साच्यासाठी सगळ्यांचा सामाईक करार बदलायचा कसा? स्विफ्टही मोजणीवर चालते, आणि २०१७ मध्ये तिच्यात आलेली कोडेबल व्यवस्थाही अशाच नकला करते.

मग मी ते फीचर मागितलं कधी? नव्हतंच मागितलं. रस्टची पॅकेजं जमवणारा कार्गो एकाच क्रेटची, म्हणजे पॅकेजची, कुणीही मागितलेली सगळी फीचर एकत्र करतो. मी घेतलेल्या दुसऱ्या एका क्रेटने आरसी चालू केलं होतं, म्हणून माझ्याही कोडमध्ये ते चालू झालं. एरवी कंपायलरने तिथेच अडवलं असतं, आणि इशाऱ्याचं ते पान मी वाचलं असतं.

दुरुस्तीला अर्धा तास लागला. फाइलमध्ये विहिरींची वेगळी यादी केली, प्रत्येक विहिरीला क्रमांक दिला, आणि हिस्सेदाराच्या नोंदीत फक्त तो क्रमांक ठेवला. वाचताना आधी विहिरी उभ्या करायच्या, मग क्रमांक पाहून आरसीची नक्कल वाटायची. आरसी आता फक्त मेमरीत असतो, फाइलला त्याचा पत्ताही नाही.

मोटर वायंडिंग होऊन आली, त्या रात्री मी एकाच ठिकाणी 'चालू' केलं. धाकट्या काकांनी तिन्ही नोंदी उघडून पाहिल्या, फोन परत दिला आणि विचारलं, "बरं, आज पाळी कोनाची हाये?"