वीतभर अंतर, मूठभर युरिया

आषाढात ठाण्याहून मुरबाड ओलांडून माळशेजच्या वाटेला लागलं की भातखाचरांच्या वरच्या अंगाला वरकस जमीन दिसू लागते. मुरमाड, उताराची, पाणी न धरणारी. नाचणी आणि वरीचं घर तेच. तिथे लावणीच्या दिवशी ओळखीच्या एका काकांनी रोपांची जुडी हातात धरून मला विचारलं, "खत किती घालू तेवढं सांग. अंतराचं मी बघतो." मला वाटतं, नाचणीचं गाडं इथेच अडतं. खत आणि अंतर हे दोन प्रश्न आपण केले आहेत; झाडापुढे तो एकच असतो.

आधी साधा हिशोब. दोन ओळींत 20 सेंटिमीटर आणि दोन रोपांत 15 सेंटिमीटर, म्हणजे मोठ्या माणसाची वीतही पुरती भरत नाही, एवढं अंतर ठेवलं तर चौरस मीटरला 33 रोपं बसतात आणि गुंठ्याला साधारण 3,300. दोन्हीकडून 30 सेंटिमीटर सोडलं तर चौरस मीटरला फक्त 11. रोपं एक तृतीयांशावर आली, मग उत्पन्नही तेवढंच खाली यायला हवं. पण तसं होत नाही. मोकळी जागा मिळालेलं नाचणीचं रोप बुंध्यातून फुटवे काढतं आणि प्रत्येक चांगल्या फुटव्याला कणीस लागतं. कमी पडलेली रोपसंख्या ते स्वतःच बऱ्याच अंशी भरून काढतं. 1950 च्या दशकात जपानमध्ये तात्सुओ किरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाट-विरळ पेरण्यांची तुलना करून दाखवलं की एका मर्यादेनंतर रोपं कितीही वाढवली तरी तेवढ्या जागेतलं झाडांचं एकूण वजन जवळपास तेच राहतं. जास्तीची रोपं फक्त वाटेकरी होतात.

झाडाला शेजारी कसा कळतो, हा यातला मला सर्वांत आवडणारा भाग. हिरवं पान सूर्यप्रकाशातला तांबडा प्रकाश शोषून घेतं, पण त्याच्या पलीकडचा, आपल्या डोळ्यांना जेमतेम जाणवणारा अतितांबडा प्रकाश बराचसा परतवतं. त्यामुळे दाट लावणीत रोपाभोवती अतितांबड्या प्रकाशाचं प्रमाण वाढतं. फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य हा फरक टिपतं, तोही शेजाऱ्याची सावली प्रत्यक्ष अंगावर पडण्याच्या आधी. मग रोप उंच धावायला लागतं आणि फुटवे आखडते घेतं. दांडा लांब, पण बारीक.

अशा रोपांवर युरिया टाकला की काय होईल? त्यातल्या नत्राने, म्हणजे नायट्रोजनने, पानं आणखी मोठी होतात, सावली गडद होते, दांडा मऊ राहतो. भाद्रपदातल्या एखाद्या जोरदार सरीत कणसाच्या भाराने पीक लोळतं. वर जास्तीच्या नत्राने आणि दाटीत टिकून राहणाऱ्या ओलाव्याने करपा हा बुरशीचा रोग बळावतो. उलट अंतर ऐसपैस ठेवलं आणि जमीन उपाशी राहिली, तर फुटवे यायचे कशाच्या जोरावर? ऊन उघड्या मातीवर पडून फुकट जातं आणि मधल्या जागेत तण माजतं.

नाचणीला नत्र हेक्टरी 60 ते 80 किलो लागतं असं धरून चालू. युरियात 46 टक्के नत्र असतं, म्हणजे गुंठ्याला 1.3 ते 1.75 किलो युरिया. शेणखत भरपूर असेल तर त्याहून कमी. पण तो एकदम देऊ नये, कारण आपला पाऊस. वर्षाला 2,500 मिलिमीटर पाऊस म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर अडीच हजार लिटर पाणी. युरियाचं मातीत शेवटी नायट्रेट होतं. त्यावर ऋण भार असतो, चिकणमातीच्या कणांवरही बहुतेक ऋणच, म्हणून माती त्याला धरत नाही. पाण्याबरोबर ते खाली ओढ्याला जातं. म्हणून दोन हप्ते: निम्मा युरिया लावणीला आणि उरलेला महिन्याभराने. स्फुरदाचं, म्हणजे फॉस्फरसचं, उलट आहे. आपल्या तांबड्या आम्ल मातीतलं लोह आणि ॲल्युमिनियम त्याला असं घट्ट पकडतात की मुळांना ते सहज मिळत नाही. ते विसकटून न टाकता लावणीच्या वेळी ओळीजवळ मातीआड केलेलं बरं.

भातातली चारसूत्री लावणी ठाणे जिल्ह्यात अनेकांना माहीत आहे: चार चुडांचा, म्हणजे एकत्र लावलेल्या दोन-तीन रोपांच्या जुड्यांचा, चौकोन आणि मधोमध खोचलेली खताची गोळी. तिथे अंतर आणि खत एकाच आखणीत बसवले आहेत. वरकस उतारावर खाचरासारखं पाणी साचत नाही, त्यामुळे तीच कृती जशीच्या तशी उचलता येणार नाही, पण विचार मात्र उचलावा.

काकांनी शेवटी अर्ध्या तुकड्यात सुतळी ताणली आणि तिला दर 15 सेंटिमीटरवर गाठी मारल्या. ओळी उताराला आडव्या, म्हणजे वाहतं पाणी थोडं अडेल. काकूंना ओळीचा वेगळाच फायदा लगेच दिसला. बेणणीला दिवसभर वाकून हाताने तण उपटण्याऐवजी ओळींमधून हातकोळपं चालवता येईल. दुसऱ्या हप्त्याचा युरिया त्या बेणणीनंतरच टाकायचं ठरलं, नाहीतर तो आधी तणाच्याच पोटात गेला असता.