क्रेगिव्हरचा गुलाबी गिलावा: पार्श्वभूमी

अ‍ॅबर्डीनशर या स्कॉटलंडमधील परगण्यातले क्रेगिव्हर हे टॉवर हाऊस (मनोऱ्यासारखे उंच, तटबंद निवासस्थान) मूळ मालकांच्या ओढगस्तीमुळे अर्धवट राहिले होते. बाल्टिक व्यापारात पैसा मिळवलेल्या अ‍ॅबर्डीनच्या एका व्यापाऱ्याने १६१० मध्ये ते विकत घेतले आणि १६२६ मध्ये पूर्ण केले. इंग्लंडलगतच्या सरहद्दीवरील बड्या जमीनदारांना तटबंदी आणि मनोरा बांधणे बंधनकारक करणारा १५३५ चा कायदा ज्या धास्तीतून आला होता, ती आता बरीच ओसरली होती. त्यामुळे येथे आवाराची भिंत आणि प्रवेशाचे लोखंडी जाळीदार दार असले, तरी इमारतीचा खरा भर वैभवावर आहे. खालचे मजले जवळजवळ कोरे ठेवून सारी कलाकुसर माथ्यावर, तोड्यांवर पेललेल्या गोल बुरजांत आणि टोकदार छपरांत एकवटलेली आहे. आतील मुख्य दालनातही नक्षीदार चुनेगच्चीचे छत आणि शेकोटीवर राजचिन्ह आहे.

पुढच्या पिढ्यांनी या मनोऱ्याला मोठी भर घातली नाही, म्हणूनच तो आज इतका अस्सल भासतो. १८२० च्या दशकात मात्र तो पाडण्याचाच विचार झाला होता. पाहणीसाठी बोलावलेल्या वास्तुविशारदाने जतनाचा सल्ला दिला आणि छपराची व भिंतींची दुरुस्ती झाली. भिंतींचा आज प्रसिद्ध असलेला गुलाबी रंग याच काळातला असून त्याआधी त्या फिकट पिवळसर होत्या, असे मानले जाते.

भिंतींचा गिलावा आणि रंग मूळचा असावा की पुढच्या काळातला, या वादाचे मूळ येथेच आहे. १९६३ मध्ये वास्तू एका वारसा संस्थेच्या ताब्यात गेली. विसाव्या शतकात तिच्यावर चढवलेल्या सिमेंटच्या गिलाव्याने पावसाचे पाणी भिंतीत कोंडले. चुना आणि खडी यांचे मिश्रण भिंतीवर फेकून केलेला पारंपरिक गिलावा, म्हणजेच हार्लिंग, ओल धरतो तशी ती बाहेरही सोडतो. सिमेंटला बारीक भेगा पडल्या की आत शिरलेल्या पाण्याला वाट उरत नाही. म्हणून २००७ ते २००९ या काळात सिमेंट पूर्णपणे काढून चुन्याचे हार्लिंग करण्यात आले. हा निर्णय, खर्चिक आणि लांबलचक असूनही, निःसंशय योग्य होता.

रंगाचा प्रश्न इतका सरळ नाही. सतराव्या शतकाशी निष्ठा ठेवायची, तर गुलाबी छटेला आधार उरत नाही. पण जवळजवळ दोनशे वर्षे लोकांनी जी इमारत पाहिली ती गुलाबीच आहे, आणि एकोणिसाव्या शतकातला हा थरही तिच्या इतिहासाचाच भाग आहे. जुन्या रंगाचे नमुने आणि गिलाव्यात सापडलेले रंगकण यांच्याशी छटा जुळवून गुलाबी रंग कायम ठेवला गेला, हे त्यामुळे समर्थनीय ठरते. चुन्याचा रंग ऊन-पावसात विटतो. त्यामुळे पुन्हा परांची बांधून भिंतींना नव्याने गुलाबी चुना देण्यात आला आणि २०२४ मध्ये वास्तू पाहुण्यांसाठी खुली झाली.