अवकाळी पाऊस व गारपीट : ठाणे जिल्हा

नैर्ऋत्य मोसमी पावसाच्या ऋतूबाहेर, विशेषतः फेब्रुवारी ते मे या काळात, मेघगर्जनेसह अचानक पडणाऱ्या पावसाला अवकाळी पाऊस म्हणतात. त्यातूनच कधीतरी गारा पडतात. ठाणे जिल्ह्यात अवकाळी पाऊस अधूनमधून येतो; गारपीट मात्र विरळ असून ती प्रामुख्याने मुरबाड व शहापूर या सह्याद्रीलगतच्या तालुक्यांत आढळते. ठाणे शहर, नवी मुंबई व खाडीकाठ यांच्या वाट्याला बहुधा धुळीचे वादळ, सोसाट्याचा वारा आणि थोडा वेळ टपोऱ्या थेंबांची सर एवढेच येते. १३ मे २०२४ रोजी मुंबई, ठाणे व नवी मुंबईवर आलेले धुळीचे वादळ याच प्रकारातले होते. त्या वेळी घाटकोपर येथे जाहिरातफलक कोसळून १७ जणांचा मृत्यू झाला.

गारांनी अंगण पांढरे झाले की ‘गावी बर्फ पडला’ असे सांगत चित्रफिती फिरू लागतात. हिमवृष्टी आणि गारपीट यांत मूलभूत फरक आहे. हिमकण बाष्पापासून थेट स्फटिकरूपाने तयार होतात व ते न वितळता जमिनीवर पोहोचण्यासाठी जमिनीलगतची हवाही शून्य अंशाच्या आसपास असावी लागते. कोकणात वसंत ऋतूत शून्य अंशाची पातळी साधारणपणे चार ते पाच किलोमीटर उंचीवर असते. कळसूबाई हे राज्यातील सर्वांत उंच शिखरही १,६४६ मीटरच आहे. त्यामुळे येथे हिमवृष्टीची शक्यताच उरत नाही. गारेला मात्र जमिनीवर थंडी असण्याची गरज नसते, उलट तिला तापलेली जमीनच पोषक ठरते.

मार्च-एप्रिलच्या दुपारी घाटमाथा तापतो, खाऱ्या वाऱ्यांबरोबर अरबी समुद्रावरचे बाष्प आत येते आणि त्याच वेळी एखाद्या पश्चिमी विक्षोभामुळे (पश्चिमेकडून येणाऱ्या थंड हवेच्या प्रणालीमुळे) किंवा कमी दाबाच्या पट्ट्यामुळे वरच्या थरात थंड हवा शिरली, तर सह्याद्रीवर काही तासांत उंच गडगडाटी ढग उभे राहतात. या ढगांतील जोरकस ऊर्ध्वगामी प्रवाह जलबिंदूंना शून्य अंशाच्या पातळीपलीकडे नेतो. तेथे न गोठता राहिलेले अतिशीत पाणी बर्फाच्या कणावर आदळून गोठते व गार वाढत जाते. कापलेल्या गारेत पारदर्शक आणि दुधी थर एकाआड एक दिसू शकतात : पाणी सावकाश गोठले की थर पारदर्शक होतो, झटकन गोठले की हवेचे बुडबुडे अडकून दुधी. पाच मिलिमीटर किंवा त्याहून अधिक व्यासाच्या बर्फकणालाच हवामानशास्त्रात गार मानतात. ठाण्याच्या सखल भागात खाली येताना तिला उष्ण हवेचा जाड थर ओलांडावा लागतो. त्यातून बोराएवढी उरली तरी ती मोठीच म्हणायची. ढग घाटावरून पश्चिमेकडे सरकण्यासाठी वरचे वारेही पूर्वेकडून असावे लागतात. फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये मराठवाडा, विदर्भ व मध्य महाराष्ट्र यांना झोडपणाऱ्या गारपिटीसारखी व्यापक आपत्ती किनाऱ्यालगत सहसा येत नाही, ती यामुळेच.

पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पचवणाऱ्या या जिल्ह्याला अवकाळीचे दहा-वीस मिलिमीटर जड जातात, ते पावसाच्या वेळेमुळे. या दिवसांत इथली निम्मी कामे उघड्यावर, कोरड्या हवेच्या भरवशावर चाललेली असतात. वालाचे पीक खळ्यावर असते, पेंढा गंजीत रचलेला असतो, दिवाळे-सारसोळेसारख्या कोळीवाड्यांत मासळी सुकत असते आणि मिठागरात तयार होत आलेले मीठ एका सरीत विरघळते. आंब्याच्या मोहोरावर ओलाव्यामुळे करपा पडतो. गारेचा मार बसलेल्या कैरीवर डाग राहून पुढे तेथूनच कूज सुरू होते. कौलारू घरांची शाकारणी मे महिन्यात होत असल्याने मार्चमधल्या सरीला गळके छप्परच सामोरे जाते, आणि कौल फुटले तर माळ्यावरचे धान्यही भिजते.

सर्वांत कमी बोलला जाणारा फटका वीटभट्ट्यांचा. भिवंडी, कल्याण व शहापूर परिसरात थापून वाळत ठेवलेल्या कच्च्या विटांच्या कडा पहिल्या दहा मिनिटांतच झिजतात आणि तासाभरात रांगेचा चिखल होतो. थापणारी, बरीचशी कातकरी असलेली कुटुंबे आधीच उचल (आगाऊ रक्कम) घेऊन आलेली असतात व मजुरी हजारी विटांवर ठरते. त्यामुळे वाहून गेलेल्या विटांची मेहनत बहुतेकदा त्यांच्याच अंगावर पडते.

गारपीट ही केंद्राच्या आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांत अधिसूचित आपत्ती आहे. अवेळी पाऊस राज्याने आपल्या स्तरावर त्यात धरला आहे. तलाठी, कृषी सहायक व ग्रामसेवक यांनी पंचनामा करून पिकाचे ३३ टक्के किंवा अधिक नुकसान नोंदवल्यास मदत मिळू शकते. हा पंचनामा सातबाऱ्यावरील पिकाचा होतो, आणि भट्टीवरच्या मजुराच्या नावे सातबारा क्वचितच असतो. हवामान विभाग रडारच्या आधारे पुढील सुमारे तीन तासांचे तात्कालिक इशारे देतो. तेवढ्या अवधीत खळ्यावर ताडपत्री घालता येते, मोहोराला मात्र झाकता येत नाही.