भरलेलं कार्ड कोणतं, रिकामं कोणतं? मेमरी कार्डं वापरणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

"यातलंच एखादं असेल, जरा बघून सांगा." गेलेले फोटो परत मिळवायला आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच ग्राहकांचं पहिलं वाक्य हेच असतं. समोर एक छोटी पिशवी ठेवलेली असते आणि तिच्यात सुटी कार्डं: काही मायक्रोएसडी, काही मोठी एसडी, एखादा रिकामा अ‍ॅडॅप्टर. कशावर आकडा नाही, खूण नाही. हवे असलेले फोटो त्यांतल्याच एका कार्डावर आहेत हे नक्की. पण ते कार्ड कोणतं, आणि त्यावर नंतर पुन्हा शूटिंग झालं का, हे ग्राहकालाही सांगता येत नाही.

फोटो शोधायला लागण्याआधी कार्ड शोधण्यातच आमचा दिवस जातो. एवढा वेळ का लागतो ते सांगतो. कोणत्याही कार्डावर काम सुरू करण्याआधी आम्ही त्याची संपूर्ण प्रत काढतो. तिला आम्ही इमेज म्हणतो. कार्डावरचा प्रत्येक सेक्टर, म्हणजे माहिती साठवायचा लहानसा कप्पा, रिकामा दिसणारासुद्धा, वाचून आमच्या डिस्कवर उतरवायचा आणि पुढचं सगळं काम त्या प्रतीवर करायचं. मूळ कार्डावर आम्ही एक अक्षरही लिहीत नाही. १२८ जीबीचं ठणठणीत कार्ड सेकंदाला ९० एमबीच्या वेगाने वाचलं तरी साधारण २४ मिनिटं लागतात. दहा कार्डं असली की चार तास गेले, आणि ही नुसती तयारी झाली. कार्डाचे काही सेक्टर वाचले जात नसतील तर एकट्या कार्डाला अख्खा दिवस लागू शकतो. म्हणून आमचं शुल्क कार्डागणिक असतं.

"नुसतं लावून बघा ना, दिसले तर दिसले," असंही आम्हाला सांगितलं जातं. ते आम्ही करत नाही, आणि त्यावरून कधीकधी ग्राहक नाराज होतात. पण कार्ड कॉम्प्युटरला लावलं की तुम्ही काहीही न करता त्यावर लिहिणं सुरू होऊ शकतं. विंडोज तिथे 'सिस्टीम व्हॉल्यूम इन्फर्मेशन' नावाचं फोल्डर बनवून ठेवतं, मॅक आपली लपवलेली फोल्डरं बनवतो. त्या फाइली लहान असतात, पण त्या जिथे जाऊन बसतात तिथे तुमच्या फोटोचा तुकडा असू शकतो. आम्ही कार्ड लावतो ते लिहिणं बंद करून, फक्त वाचण्यापुरतं.

फॉरमॅट केल्यावर कार्डावर काय उरतं

फोटो डिलीट केला म्हणजे तो त्या क्षणी पुसला जात नाही. कार्डावर फाइलींची एक यादी असते. त्या यादीत "ही जागा आता मोकळी" एवढीच नोंद होते. फोटोचा मजकूर जागच्या जागी असतो. कॅमेऱ्यातलं नेहमीचं फॉरमॅटही बहुतेक वेळा तेच करतं, फक्त यादी नवी कोरी करतं. म्हणूनच डिलीट झालेलं किंवा चुकून फॉरमॅट झालेलं कार्ड तसंच्या तसं आमच्याकडे आलं तर परत मिळण्याची आशा चांगली असते.

आशा संपते ती त्यानंतरच्या शूटिंगने. नवा व्हिडिओ मोकळ्या दिसणाऱ्या जागेत जाऊन बसतो, आणि एकदा त्या जागी नवं लिहिलं गेलं की जुनं कुणालाही परत आणता येत नाही, आम्हालाही नाही. काही कॅमेऱ्यांत 'लो लेव्हल फॉरमॅट' असा वेगळा पर्याय असतो, तो खरोखर पुसतो. त्यावर टिक आहे का, हे एकदा मेन्यूत जाऊन बघून ठेवा.

आमच्याकडे येणारी अवघड प्रकरणं कार्ड खराब झाल्याने कमी येतात आणि भरलेलं कार्ड रिकामं समजून कॅमेऱ्यात गेल्याने जास्त. कार्यक्रम रंगात आलेला असतो, कार्ड भरतं, हात बॅगेत जातो, जे हाताला लागेल ते कॅमेऱ्यात जातं, कॅमेरा "भरलेलं आहे" म्हणतो आणि बोट सवयीने फॉरमॅटवर पडतं. त्या घाईत विचार करायला वेळ नसतो. म्हणून भरलेलं कार्ड हाताला आणि डोळ्याला लगेच कळेल अशी सोय आधीच करून ठेवायची.

सुलटं आणि पालथं

सोय साधी आहे. खाचा असलेल्या डबीत वापरायला मोकळं कार्ड सुलटं ठेवायचं, म्हणजे छापील बाजू वर. भरलेलं कार्ड पालथं, सोनेरी पट्ट्या वर. कॅमेऱ्यातून निघालेलं कार्ड हातातच उलटं करून खाचेत बसवायचं, खिशात किंवा बॅगेत सुटं टाकायचं नाही. एकच खिसा भरलेल्या आणि रिकाम्या कार्डांना वापरला की घोटाळा झालाच म्हणून समजा. मोठ्या एसडी कार्डाला कडेला लॉकची सरकपट्टी असते, तीही खाली ओढून ठेवा. या पट्टीचा आतल्या चिपशी काही संबंध नसतो. ती कुठे आहे हे कॅमेऱ्याचा स्लॉट चाचपतो आणि त्यावरून लिहायचं की नाही ते ठरवतो. ती तुटून पडली तर बहुतेक उपकरणं कार्ड कायमचं लॉक समजतात. असं कार्ड फेकून देऊ नका, त्यावरचं वाचता येतं. मायक्रोएसडीला ही पट्टी नसते, तिथे सुलटं-पालथं हीच काय ती खूण.

पालथं कार्ड पुन्हा सुलटं कधी करायचं? दोन वेगवेगळ्या डिस्कवर कॉपी झाल्यावर, आणि त्या कॉपीतले पहिले, मधले, शेवटचे फोटो उघडून पाहिल्यावर. नुसती कॉपीची पट्टी शंभर टक्क्यांवर गेली म्हणून करू नका. आणि आमची आग्रहाची विनंती: कॉपी झाली की लगेच फॉरमॅट करू नका. फॉरमॅट पुढच्या कामाच्या सुरुवातीला, ज्या कॅमेऱ्यात कार्ड वापरायचं आहे त्याच कॅमेऱ्यात करा. तोवर त्या कार्डावर तुमची तिसरी प्रत आपोआप सांभाळली जाते. यासाठी दोन-तीन कार्डं जास्त लागतात हे खरं आहे. कार्डं आम्ही विकतोही, तरी हा सल्ला विक्रीसाठी देत नाही; गेलेलं शूटिंग शोधण्याच्या खर्चापुढे दोन कार्डांचा खर्च काहीच नसतो.

आकडा कुठे आणि कसा

प्रत्येक कार्डाला एक कायमचा आकडा द्या. कार्डावर कार्यक्रमाचं नाव किंवा तारीख लिहू नका, कारण ते दर कामाला बदलतं आणि खाडाखोडीत काहीच वाचता येत नाही. आकडा कार्डावर, बाकीचा तपशील वहीत किंवा फोनवरच्या नोंदीत: कार्ड ७, कोणता कॅमेरा, कोणतं काम, कॉपी झाली का.

कागदी स्टिकर चिकटवू नका. एसडी कार्डाची जाडी २.१ मिलिमीटर, मायक्रोएसडीची जेमतेम १, आणि स्लॉट त्या मापानेच बनवलेला असतो. स्टिकरचा कोपरा आत सुटतो, डिंक उष्णतेने मऊ होतो, आणि कार्ड आत अडकतं. मग चिमट्याने ओढताना स्लॉटच्या पिना वाकतात आणि कॅमेराच दुरुस्तीला जातो. बारीक टोकाचा परमनंट मार्कर वापरा, काळ्या कार्डावर पांढरा किंवा रुपेरी. छापील बाजूवर लिहा, पट्ट्यांच्या बाजूवर नाही, आणि नीट वाळू द्या. मायक्रोएसडी १५ बाय ११ मिलिमीटरचं असतं, तिथे दोन अंकांहून जास्त मावत नाही, आणि जास्त लागतही नाही.

कॉम्प्युटरवरून कार्डाला नाव देता येतं, ११ अक्षरांपर्यंत. पण कॅमेऱ्यात फॉरमॅट केलं की ते बहुधा उडतं, म्हणून त्यावर विसंबू नका. त्यापेक्षा एक सवय लावा. फॉरमॅट झाल्यावर पहिला फोटो एका कागदाचा काढा, ज्यावर कार्डाचा आकडा, तारीख आणि तुमचा फोन नंबर मोठ्या अक्षरात लिहिलेला आहे. कार्ड हरवून कुणाला सापडलं तर मालक कळतो. आणि यादी खराब झालेलं कार्ड आमच्याकडे आलं, की फाइलींची नावं गेलेली असतात तेव्हा हाच कागद आम्हाला सांगतो की नवं काम इथून सुरू झालं आणि याच्या आधीचं सगळं जुनं. आमचं कित्येक तासांचं काम त्या एका फोटोने वाचतं.

कॉपी करताना प्रत्येक कार्डाला स्वतंत्र फोल्डर द्या. कॅमेऱ्यातले फाइलींचे आकडे चारच अंकी असतात, ९९९९ झालं की पुन्हा ०००१. एकाच कंपनीचे दोन कॅमेरे असतील तर सारख्या नावाच्या दोन वेगळ्या फाइली सहज निघतात. त्या एका फोल्डरात ओढल्या आणि "बदलू का?" या प्रश्नाला घाईत होकार दिला, की पहिला फोटो गेला. फोल्डरला तारीख आणि कार्डाचा आकडा, एवढं नाव पुरतं.

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लोहचुंबकाने कार्ड पुसलं जात नाही. विमानतळावरच्या बॅग तपासणीच्या यंत्रानेही नाही. कार्डाला खरा त्रास उष्णतेचा, दमटपणाचा आणि वाकण्याचा. उन्हात उभ्या गाडीच्या काचेखाली कार्डं ठेवू नका. मायक्रोएसडी पाकिटात नाण्यांबरोबर ठेवू नका: त्याची चिप आणि बाकीचं सर्किट एकाच तुकड्यात ओतलेलं असतं, आणि त्याला तडा गेला तर बहुतेक वेळा आमच्याही हाती काही उरत नाही. पट्ट्या कळकट झाल्या तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित ओलं केलेलं, तंतू न सुटणारं कापड फिरवा. खोडरबर घासू नका, वरचा सोन्याचा पातळ थर जातो.

"कपाटात ठेवलं तर किती वर्षं टिकेल?" कार्डात माहिती विद्युतभाराच्या रूपात साठते आणि तो भार हळूहळू झिरपतो, उष्णतेत लवकर. म्हणून आम्ही मुदत सांगत नाही आणि कार्डाला कायमची साठवण समजत नाही. जपून ठेवायचं ते डिस्कवर, दोन ठिकाणी.

फोनमधलं कार्ड असेल तर एक वेगळी गोष्ट. अँड्रॉइड फोनमध्ये कार्ड 'अंतर्गत साठवण' म्हणून जोडलेलं असेल तर त्यावरचं सगळं कूटबद्ध असतं आणि किल्ली त्या फोनमध्ये असते. असं कार्ड आणताना फोनही आणा, आणि मधल्या काळात फोन रिसेट करू नका. किल्ली गेली की कार्ड धडधाकट असूनही त्यावरचं वाचता येत नाही.

आमच्याकडून कार्ड किंवा डबी घेताना

आमच्या कार्डाचं पाकीट फोडलेलं असतं, यावर काही ग्राहक आक्षेप घेतात. ते आम्हीच फोडतो. बाजारात अशी बनावट कार्डं फिरतात ज्यांच्यावर २५६ जीबी छापलेलं असतं, कॉम्प्युटरही तेवढंच दाखवतो, पण आत जागा ३२ जीबीची असते. त्यापुढचं शूटिंग कुठेच साठत नाही, आणि हे कळतं घरी गेल्यावर. म्हणून विक्रीला ठेवण्याआधी प्रत्येक कार्ड आम्ही काठोकाठ भरतो, परत वाचून ताडून पाहतो आणि मग तुम्हाला देतो. हवं असेल तर तिथल्या तिथे तुमच्या क्रमातला आकडाही घालून देतो. डब्या आम्ही कडक कवचाच्या, आकडे घातलेल्या खाचांच्या ठेवतो. तुमच्या जवळची जुनी डबी घट्ट बसत असेल आणि कार्डं आत हलत नसतील तर नवीन घ्यायची गरज नाही, तिच्याच खाचांवर आकडे लिहा.

फोटो गेलेच असतील तर

कार्ड ताबडतोब काढा, लॉक करा, आणि पुन्हा कॅमेऱ्यात घालू नका. कॉम्प्युटर "वापरण्याआधी फॉरमॅट करायचं का?" असं विचारत असेल तर नाही म्हणा. इंटरनेटवरून उतरवलेलं सॉफ्टवेअर चालवून पाहिलं असेल तर तेही सांगा, आम्ही रागावत नाही. पण त्याने सापडलेले फोटो त्याच कार्डावर साठवले असतील तर ते आम्हाला आधी कळायला हवं. कोणता कॅमेरा, फोटो रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) होते की जेपेग (नेहमीची फोटो फाइल), गेल्यानंतर कार्डावर काय काय झालं, एवढं चिठ्ठीवर लिहून आणा.

परत मिळालेलं सगळं आम्ही तुमच्या वेगळ्या डिस्कवर देतो, त्याच कार्डावर नाही. काढलेली इमेज आमच्याकडे ३० दिवस राहते, मग पुसली जाते. त्या मुदतीत डिस्क उघडून सगळं आलं का ते बघा. काही राहिलं असेल तर फोन करा, त्याच प्रतीतून पुन्हा शोधून देऊ. त्याचं वेगळं शुल्क घेत नाही.