उत्तेजक चाचणीचा अधिकार (आंतरराष्ट्रीय क्रीडा)

आंतरराष्ट्रीय स्पर्धांत उतरणाऱ्या खेळाडूकडे लघवीचा किंवा रक्ताचा नमुना मागण्याचा हक्क कोणाला, कुठे आणि केव्हा असतो, हे ठरवणारी नियमव्यवस्था. हा हक्क एका संस्थेकडे एकवटलेला नाही. तो जागतिक उत्तेजकविरोधी संहितेने अनेक संस्थांत वाटून दिला आहे आणि एकाच खेळाडूवर एकाच दिवशी दोन-तीन संस्थांचा हक्क चालू शकतो. ‘वाडाने चाचणी घेतली’ असे वर्तमानपत्रांत सर्रास छापून येते. प्रत्यक्षात जागतिक उत्तेजक प्रतिबंधक संस्था, म्हणजे वाडा, स्वतः नमुना क्वचितच घेते.

नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याच्या (ता. त्र्यंबकेश्वर) धावपटू कविता राऊत यांची कारकीर्द समोर ठेवली की ही वाटणी चटकन कळते. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी दहा हजार मीटर शर्यतीत कांस्यपदक मिळवले. तिथे चाचणीचा अधिकार राष्ट्रकुल क्रीडा महासंघाचा. त्याच वर्षी ग्वांगझू येथील आशियाई स्पर्धेत त्यांना रौप्य मिळाले. तिथे हक्क आशियाई ऑलिंपिक परिषदेचा. २०१६ साली त्या रिओ ऑलिंपिकची मॅरेथॉन धावल्या, तेव्हा तो आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीकडे होता. अधल्यामधल्या सगळ्या काळात, नाशिकच्या मैदानावर सराव चालू असो की घाटात, राष्ट्रीय उत्तेजक प्रतिबंधक संस्था (नाडा) आणि जागतिक ॲथलेटिक्स महासंघ या दोघांनाही नमुना मागता येत होता. धावपटू तीच, रक्तही तेच. मागणारा मात्र जागा आणि तारीख पाहून बदलतो.

पूर्वपीठिका

ऑलिंपिकमध्ये चाचण्या १९६८ पासून सुरू झाल्या. पुढची तीस वर्षे कारभार बहुतांशी त्या त्या खेळाच्या महासंघाकडेच राहिला. आपलाच खेळ, आपलेच विजेते आणि आपणच पोलीस, अशी ही रचना होती. १९९८ च्या टूर द फ्रान्स सायकल शर्यतीत एका संघाच्या मोटारीतून उत्तेजकांचा साठा सापडला. तो पकडला सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी. क्रीडा यंत्रणेला त्याचा पत्ता नव्हता. या नामुष्कीनंतर नोव्हेंबर १९९९ मध्ये लोझान येथे वाडाची स्थापना झाली (मुख्यालय आता माँट्रियल). पहिली संहिता १ जानेवारी २००४ पासून लागू झाली. २००९, २०१५ आणि २०२१ मध्ये तिच्या सुधारित आवृत्त्या आल्या. सरकारे खासगी संस्थेच्या संहितेवर सही करू शकत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी युनेस्कोचा २००५ चा आंतरराष्ट्रीय करार आहे. भारताने तो २००७ मध्ये स्वीकारला. नाडा २००५ पासून आहे. तिला संसदेच्या कायद्याचे पाठबळ मात्र २०२२ च्या राष्ट्रीय उत्तेजकविरोधी अधिनियमाने मिळाले. झडती आणि जप्तीचे अधिकारही त्याच कायद्यातले.

हक्क कोणाचे

संहितेच्या पाचव्या कलमात ही वाटणी आहे. राष्ट्रीय संस्थेचा हक्क सर्वांत रुंद. देशाचे नागरिक, रहिवासी, तिथल्या क्रीडा संघटनांचे सदस्य किंवा परवानाधारक हे तर तिच्या कक्षेत येतातच. शिवाय संहितेने बांधलेला जो कोणी खेळाडू त्या क्षणी देशात हजर असेल, तोही येतो. त्यामुळे एखादा केनियन धावपटू नाशिकला शर्यतीसाठी आला, तर नाडा त्याचा नमुना घेऊ शकते. उलट हरसूलची मुलगी सरावासाठी केनियाला गेली, तर तिथली राष्ट्रीय संस्था तिच्या दारात उभी राहू शकते, आणि ‘मी भारताची’ हे उत्तर तिथे चालत नाही.

आंतरराष्ट्रीय महासंघाचा हक्क देश पाहत नाही, खेळ पाहतो. त्याच्या नियमांखाली येणारा खेळाडू जगाच्या पाठीवर कुठेही असो, महासंघाला त्याची चाचणी घेता येते. ॲथलेटिक्समध्ये हे काम २०१७ पासून मोनॅकोस्थित ॲथलेटिक्स इंटेग्रिटी युनिट पाहते. महासंघाचे पदाधिकारी आणि चाचणी यांत अंतर राहावे, हाच त्यामागचा हेतू. बुद्धिबळही यातून सुटलेले नाही. फिडे ही संघटना संहितेला बांधील असल्याने, २०२४ च्या बुडापेस्ट ऑलिंपियाडमधील सुवर्णविजेत्या भारतीय संघातले नाशिकचे ग्रँडमास्टर विदित गुजराथी यांच्यासारख्या खेळाडूंवरही पटाबाहेरचा हा नियम लागू होतो. पटापाशी बसून कोणते उत्तेजक कितपत उपयोगी पडेल, हा वाद वेगळा.

ऑलिंपिक, आशियाई किंवा राष्ट्रकुल यांसारख्या बहुक्रीडा स्पर्धांच्या आयोजकांना स्पर्धेपुरता हक्क असतो. पुढच्या स्पर्धेत नाव नोंदवलेल्या खेळाडूची स्पर्धेआधीही चाचणी घेण्याची मुभा त्यांना आहे. वाडाचा स्वतःचा हक्क अपवादात्मक परिस्थितीपुरता: एखाद्या संस्थेच्या कामातील खोट दाखवूनही ती सुधारत नसेल, तर महासंचालकांच्या आदेशावरून.

एका मैदानावर एक धनी

स्पर्धेबाहेर हे हक्क एकमेकांवर चढलेले असले तरी स्पर्धेच्या ठिकाणी संहिता एकाच संस्थेला चाचणी घेऊ देते. स्पर्धा आंतरराष्ट्रीय असेल तर ती चालवणारी आंतरराष्ट्रीय संस्था, राष्ट्रीय असेल तर राष्ट्रीय उत्तेजक प्रतिबंधक संस्था. मराठा विद्या प्रसारक समाजाची नाशिकमधली राष्ट्रीय मॅरेथॉन किंवा हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावरचा रणजी सामना या देशांतर्गत स्पर्धा; त्यामुळे तिथे नाडा. उद्या त्याच मैदानावर आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेची स्पर्धा झाली, तर कुंपणाच्या आत परिषदेचा शब्द. कुंपणाबाहेर, खेळाडू उतरलेल्या हॉटेलात, नाडाचा हक्क संपत नाही. मात्र आयोजक संस्थेने मागणी केल्यास स्पर्धेच्या काळातील अशा चाचण्या तिच्याशी समन्वय राखूनच कराव्या लागतात. दुसऱ्या संस्थेला आतच चाचणी हवी असेल तर आधी आयोजकांना विचारायचे. त्यांनी नाही म्हटले तर वाडाकडे परवानगी मागायची. ‘स्पर्धेतील’ काळ आदल्या रात्री ११ वाजून ५९ मिनिटांनी सुरू होतो. काही द्रव्ये फक्त स्पर्धेच्या काळातच निषिद्ध असल्याने या मिनिटाला मोठे महत्त्व आहे.

धनी बदलला की निकाल बदलू शकतो. २००८ ची टूर द फ्रान्स आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेशी झालेल्या भांडणामुळे फ्रेंच महासंघाच्या छत्राखाली झाली आणि चाचण्या फ्रान्सच्या राष्ट्रीय संस्थेकडे गेल्या. त्या वर्षी रिकार्डो रिक्को, बर्नहार्ड कोल आणि स्टेफान शुमाखर हे नामांकित सायकलपटू सेरा या नव्या पिढीच्या इपीओसाठी (रक्तातील तांबड्या पेशी वाढवणारे द्रव्य) दोषी सापडले.

अधिकार एकाचा, हात दुसऱ्याचे

दारात किट घेऊन उभा असलेला अधिकारी ज्याच्या वतीने आला ती संस्था, आणि ज्याच्या नोकरीत आहे ती संस्था, या अनेकदा वेगळ्या असतात. महासंघ नाडाला काम सोपवतो, किंवा खासगी कंपनीला कंत्राट देतो. टोकियो आणि पॅरिस ऑलिंपिकचा उत्तेजकविरोधी कार्यक्रम आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या वतीने आंतरराष्ट्रीय चाचणी संस्थेने चालवला. ही संस्था रशियातील सरकारपुरस्कृत उत्तेजक प्रकरणाच्या धक्क्यानंतर, २०१८ मध्ये उभी राहिली. म्हणून अधिकाऱ्याचे ओळखपत्र आणि अधिकारपत्र पाहण्याचा हक्क खेळाडूला दिलेला आहे. नमुन्याच्या फॉर्मवर चाचणी कोणाच्या अधिकारात होत आहे, याची नोंद असते. नव्या खेळाडूंना प्रशिक्षक सप्लिमेंटच्या डब्यावरची घटकांची यादी वाचायला सांगतात. फॉर्मवरचा हा रकाना वाचायलाही सांगायला हवे. कारण निकालावर पुढची कारवाई साधारणपणे त्याच रकान्यातली संस्था करते, आणि नमुन्याची मालकीही तिचीच. दहा वर्षांपर्यंत तो जपून पुन्हा तपासता येतो.

भारतात हा प्रश्न सर्वाधिक गाजला तो क्रिकेटमुळे. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने २००६ मध्येच संहिता स्वीकारली होती. भारतीय क्रिकेट नियामक मंडळ मात्र नाडाला दाराबाहेर ठेवून एका परदेशी कंपनीकडून नमुने घेत असे. २०१९ मध्ये मंडळाने आपल्याच कार्यक्रमाखाली मुंबईकर फलंदाज पृथ्वी शॉ याला टर्ब्युटालिन या निषिद्ध द्रव्यासाठी आठ महिने निलंबित केले. मंडळाचे म्हणणे, खोकल्याच्या औषधातून ते अजाणता शरीरात गेले. केंद्रीय क्रीडा मंत्रालयाचा आक्षेप अधिक मुळातला होता: मंडळाला वाडाची किंवा सरकारची मान्यता नाही, तेव्हा त्याने चाचणी घ्यायचीच कशी? त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मंडळाने नाडाचा अधिकार मान्य केला. इतक्या श्रीमंत संघटनेने ही गोष्ट इतकी वर्षे लांबवली, हे खेळाला शोभणारे नव्हते.

निवडक खेळाडूंना ‘नोंदणीकृत चाचणी गटात’ घेतले जाते. त्यांनी पहाटे ५ ते रात्री ११ या वेळेतला रोजचा एक तास आणि त्या तासाचा पत्ता आगाऊ कळवायचा असतो. बारा महिन्यांत तीन चुका झाल्या तर तो नियमभंग, आणि मूळ शिक्षा दोन वर्षांची. खेळाडू महासंघ आणि नाडा या दोघांच्या गटांत असला तरी माहिती एकाच ठिकाणी भरायची. हक्कदार संस्था ती वाडाच्या संगणक प्रणालीतून पाहतात. त्या एका तासाबाहेर चाचणी होत नाही, हा खेळाडूंमधला गैरसमज आहे.

नकार, अपील आणि मतभेद

हक्काबद्दल शंका असली तरी नमुना द्यावा आणि हरकत फॉर्मवर लिहावी, हाच सुरक्षित मार्ग. नकार हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्याची शिक्षा साधारणपणे चार वर्षे. कुस्तीपटू बजरंग पुनिया याने मार्च २०२४ मध्ये सोनीपतच्या निवड चाचणीवेळी नमुना दिला नाही. आपण नकार दिला नाही, आधीच्या वेळी मुदत संपलेले किट का आणले याचे उत्तर मागितले, असा त्याचा बचाव होता. नाडाच्या समितीने त्याच्यावर चार वर्षांची बंदी घातली. याउलट २००८ च्या ड्रेस्डेन बुद्धिबळ ऑलिंपियाडमध्ये डाव हरल्यावर नमुना न देताच निघून गेलेला युक्रेनचा वासिली इव्हानचुक प्रक्रियेतील चुकांमुळे सुटला. अशा सुटकेवर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही.

चाचणी घेणाऱ्याचा शब्द शेवटचा नसतो. तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेला मल्ल नरसिंग यादव याला नाडाच्या शिस्तपालन समितीने ऑगस्ट २०१६ च्या आरंभी निर्दोष सोडले होते. वाडाने अपील केले आणि त्याच महिन्यात, रिओत कुस्ती लढायच्या आदल्या दिवशी, क्रीडा लवादाने त्याला चार वर्षे बंदी ठोठावली. अमेरिकी सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगच्या उत्तेजक प्रकरणात वाद उलट बाजूने पेटला: कारवाईचा हक्क आमचा, असे आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटना म्हणत होती, तर अमेरिकेची राष्ट्रीय संस्था आमचा म्हणत होती. ऑगस्ट २०१२ मध्ये टेक्सासमधील संघीय न्यायालयाने अमेरिकी संस्थेच्या हक्काला आव्हान देणारा आर्मस्ट्राँगचा दावा फेटाळला आणि ऑक्टोबरमध्ये सायकलिंग संघटनेनेही अमेरिकी संस्थेचा निर्णय स्वीकारला.

अमेरिकेतील एनबीए, एनएफएल यांसारख्या व्यावसायिक लीग संहितेवर सही केलेल्या नाहीत. तिथे चाचणी खेळाडू संघटनेशी झालेल्या करारानुसार होते. त्यांचेच खेळाडू ऑलिंपिकला आले की मात्र संहितेखाली येतात. हौशी धावपटू आणि जिममधून स्पर्धेकडे वळलेले तरुण यांच्यासाठी २०२१ च्या संहितेने वेगळा वर्ग केला असून त्यांच्याबाबतीत शिक्षेत अधिक लवचीकता आहे.

बंदी भोगत असलेल्या खेळाडूचीही चाचणी घेता येते. निवृत्ती जाहीर केल्यावर हक्क संपतो. नोंदणीकृत गटातल्या खेळाडूला निवृत्तीनंतर परत यायचे असेल, तर सहा महिने आधी लेखी कळवून तेवढा काळ चाचणीसाठी उपलब्ध राहावे लागते.